गोळ्यांचा डबा एकदा उपडा करा

आमच्या सासूबाईंच्या गोळ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. तुमच्याकडे कदाचित बिस्किटांचा पत्र्याचा डबा असेल, नाहीतर देवघराशेजारच्या कोनाड्यातली प्लॅस्टिकची पिशवी. सकाळी उपाशीपोटी एक, नाश्त्यानंतर चार, दुपारी दोन, रात्री चार हे वेळापत्रक घरातल्या बाईला परवचा म्हणावा तसं पाठ असतं. कुठली गोळी कशाची, असं कुणी विचारलं तर मात्र आपण रंगावर जातो. "ती गुलाबी बीपीची, बारीक पांढरी शुगरची, आणि ती लांबट ना, ती हाडाच्या डॉक्टरांनी दिलीय." त्यापुढे आपल्यालाही सांगता येत नाही.

गेल्या वर्षी श्रावणात रात्री तीनच्या सुमाराला सासूबाई बाथरूमच्या दारात पडल्या. मनगटाचं हाड मोडलं, कपाळाला तीन टाके पडले. घरात सगळ्यांनी दोष दिला तो फरशीला. दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने रबरी मॅट आणली, पॅसेजमध्ये छोटा दिवा लावला. नणंदेने फोनवर, "आईंना एकटं उठू कशाला देता?" असं मलाच सुनावलं. गोळ्यांचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही.

तो आला आमच्या मेडिकलवालीच्या डोक्यात. चौकातलं दुकान तिच्या सासऱ्यांचं. तिने बी. फार्म. केलंय आणि लग्नानंतर ती काउंटरवर उभी राहायला लागली. महिन्याच्या गोळ्या काढता काढता ती थांबली.

"वहिनी, ही झोपेची गोळी कुणाला?"

"सासूबाईंना."

"वय काय त्यांचं?"

"शहात्तर."

"कधीपासून घेतायत?"

मी मनातल्या मनात हिशेब केला. सासरे गेले त्याला सहा वर्षं झाली. त्या वेळी रात्र रात्र जागायच्या, म्हणून एका डॉक्टरांनी लिहून दिली होती. चिठ्ठी पर्समध्येच होती, घडीवर फाटलेली, शाई उडालेली. तिने ती उलगडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "पंधरा दिवस" असं स्पष्ट लिहिलेलं होतं. सहा वर्षं तीच चिठ्ठी दाखवून, कधी न दाखवताही, या नाहीतर त्या दुकानातून आम्ही गोळी आणत होतो. ती ओळ आमच्यापैकी कुणी वाचलीच नव्हती.

मग तिने विचारलं, "इतक्यात कधी पडल्या का हो त्या?"

मला उत्तर देता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानात गर्दी नसताना, तिने सांगितल्याप्रमाणे मी सगळा डबा घेऊन गेले. गोळ्या, चूर्णं, मलमं, उरलेलं खोकल्याचं औषध, सगळं. तिने काउंटरवर कागद पसरला, डबा उपडा केला आणि पाकिटावरच्या ठळक नावाखाली जे बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं, ते वाचून गोळ्या लावल्या. दिवसाच्या अकरा गोळ्या निघाल्या. त्यात अंगदुखीच्या दोन गोळ्या वेगवेगळ्या डॉक्टरांच्या, वेगवेगळ्या रंगांच्या, पण आतलं औषध एकच, डायक्लोफेनॅक. शुगरची गोळी जुन्या पद्धतीची, आणि मूत्रपिंडाची तपासणी शेवटची कधी केली ते आम्हाला आठवेना. हार्टचा त्रास कधीच झालेला नसताना रोज रक्त पातळ करायची गोळी. ती पोटाला लागू नये म्हणून सकाळची गॅसची गोळी. वर लागेल तशी सर्दीची गोळी, जिने गुंगी येते. आणि रात्री झोपेची.

तिने एकही गोळी बंद करायला सांगितली नाही. "तो अधिकार माझा नाही," म्हणाली. फक्त एका कागदावर सगळ्या औषधांची यादी केली, चार ठिकाणी प्रश्नचिन्ह घातलं, खाली "पेशंट रात्री पडल्या आहेत" असं लिहिलं आणि कागद डॉक्टरांना दाखवा म्हणाली.

डॉक्टर आधी जरा वैतागलेच. "मेडिकलवाले आता डॉक्टर झाले का?" म्हणाले. पण कागद दोनदा वाचला. रक्ताची तपासणी करायला लावली. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. चार महिन्यांनी अकराच्या सहा गोळ्या झाल्या. अंगदुखीच्या दोन्ही गेल्या, दुखेल तेव्हा साधं पॅरासिटामोल आलं. शुगरची गोळी बदलली. रक्त पातळ करायची गेली, तिच्यामागे गॅसची गेली. झोपेची मात्र एकदम बंद केली नाही. आधी पाऊण, मग अर्धी, मग पाव, मग एक दिवसाआड, असे तीन महिने लागले.

ते तीन महिने सोपे नव्हते. सासूबाई रात्री उठून बसायच्या, चिडायच्या. एकदा मला म्हणाल्या, "तुला माझी झोपसुद्धा बघवत नाही." मी गप्प राहिले. नंतर लक्षात आलं, त्यांची झोप गोळीने आणलेली होती आणि जागरण होतं ते मोकळ्या झालेल्या पलंगामुळे. त्या जागरणाबद्दल सहा वर्षांत आम्ही त्यांच्याशी कधी बोललोच नव्हतो. गोळी देऊन मोकळे झालो होतो.

म्हातारपणी औषध वेगळं का वागतं?

माझी सासू हा काही अपवाद नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं सुमारे १० कोटी ४० लाख होती. आपल्या राज्यात तर दर शंभरांत जवळजवळ दहा. त्यानंतर हा आकडा वाढलाच आहे. घरोघरी एक डबा आहे, आणि डबा भरायचं काम बहुतेक ठिकाणी सुनेचं, मुलीचं नाहीतर बायकोचं आहे.

वय झालं की शरीर औषध वेगळ्या तऱ्हेने हाताळतं. मूत्रपिंडं मंदावतात, यकृताचं काम हळू होतं, अंगातलं पाणी कमी होऊन चरबीचं प्रमाण वाढतं. चाळिशीत सकाळपर्यंत उतरणारी गोळी पंच्याहत्तरीत दुसऱ्या दिवशी दुपारीही अंगात असते. त्यावर रात्रीची पुढची गोळी पडते. म्हणून एकेकाळी योग्य असलेली गोळी पुढे अयोग्य होते. यात गोळी खोटी नसते, डॉक्टर चुकलेले असतात असंही नाही. माणूस बदललेलं असतं.

हे ओळखून १९९१ साली अमेरिकेत मार्क बीअर्स या डॉक्टरांनी वृद्धाश्रमासारख्या संस्थांमधल्या पेशंटसाठी एक यादी केली. म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नयेत, दिलीच तर जपून द्यावीत, अशा औषधांची ती यादी. आज ती तिथली वृद्धरोगतज्ज्ञांची संघटना चालवते आणि वेळोवेळी सुधारते. २०२३ साली तिची नवी आवृत्ती आली. त्या यादीतली कितीतरी औषधं आपल्या डब्यात असतात.

झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या बघा. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही नावं पाकिटावर बारीक अक्षरात सापडतील. यांनी तोल जातो, विसरायला होतं, रात्री उठलं की पाय लटपटतात. खुब्याचं हाड मोडलं की चालतं-फिरतं माणूस अंथरुणाला खिळतं, आणि त्या अंथरुणाशेजारी कोण बसतं ते वेगळं सांगायला नको.

अंगदुखीच्या गोळ्यांचंही तसंच. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांनी गुडघ्याला आराम पडतो हे खरं. पण रोज घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, बीपी वाढतं, मूत्रपिंडांवर ताण येतो. बीपीची गोळी आणि लघवी होण्याची गोळी आधीच चालू असेल तर हा ताण आणखी वाढतो. शुगरची ग्लिबेनक्लामाइड ही जुनी गोळी मूत्रपिंडं दमलेली असली की अंगात साठते आणि साखर एकदम खाली नेते. पहाटे घाम फुटतो, माणूस बरळतं. घरचे म्हणतात, "वयामुळे भ्रम झालाय." सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते, बद्धकोष्ठ होतं, प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवीसुद्धा अडू शकते.

आणि कधी कधी गोळीमुळे गोळी लागते. बीपीच्या ॲम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते. ही सूज गोळीची आहे हे न ओळखता दुसरीकडे दाखवलं, तर सूज उतरायला लघवीची गोळी मिळते. मग रात्री दोनदा उठावं लागतं. झोपमोड होते म्हणून झोपेची गोळी येते. आणि शेवटी अंधारात, गुंगीत, बाथरूमच्या दारात पडणं. प्रत्येक पायरीवर ज्याने त्याने आपापल्या परीने इलाजच केलेला असतो.

सगळ्या चिठ्ठ्या एकत्र बघतं कोण?

हा खरा प्रश्न आहे. हाडाचे डॉक्टर गुडघा बघतात, शुगरचे शुगर बघतात, डोळ्यांचे डोळे. ओपीडीत पन्नास माणसं खोळंबलेली असतात. दुसऱ्याने लिहिलेली गोळी बंद करायला कुणी धजत नाही, ते समजण्यासारखं आहे. शिवाय आपलंही वागणं बघा. गोळी न देता नुसता सल्ला दिला तर बाहेर येऊन आपणच म्हणतो, "काही दिलंच नाही, नुसते पैसे घेतले."

सगळ्या चिठ्ठ्या ज्यांच्या हातातून जातात अशी दोनच माणसं उरतात. एक डबा भरणारी बाई आणि दुसरा मेडिकलमधला फार्मासिस्ट. गंमत म्हणजे ही दोघं महिन्यातून दोनदा समोरासमोर येतात आणि "किती झाले?" याखेरीज काही बोलत नाहीत.

ती बोलली तर काय होतं? एका घरच्या गोष्टीवरून नियम काढता येत नाही, म्हणून एक लांबची, पण नीट मोजून केलेली गोष्ट सांगते. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात, वृद्धरोगतज्ज्ञ कॅरा टॅनेनबॉम यांच्या पुढाकाराने दोन अभ्यास झाले. पहिला २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षानुवर्षं झोपेची गोळी घेणाऱ्या वृद्धांच्या हाती एक साधी पुस्तिका दिली. ही गोळी या वयात काय करते, तिला पर्याय काय, आणि ती हळूहळू कमी कशी करतात याचा चित्रांचा तक्ता त्यात होता. बाकी काही नाही. सहा महिन्यांनी पाहिलं तर पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांची गोळी बंद झाली होती. न मिळालेल्यांत हे प्रमाण होतं ५ टक्के.

दुसरा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. या वेळी ६९ मेडिकल दुकानं आणि ४८९ वृद्ध माणसं होती. सरासरी वय पंचाहत्तर, आणि तीनांतल्या दोन बायका. निम्म्या दुकानांतल्या फार्मासिस्टांनी दोन कामं केली. पेशंटच्या हाती पुस्तिका दिली आणि त्याच पेशंटच्या डॉक्टरांना पत्र लिहिलं, की ही गोळी या वयात का धोक्याची आहे आणि तिच्याऐवजी काय देता येईल. बाकीच्या दुकानांत नेहमीसारखाच कारभार चालू राहिला. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या ४३ टक्के लोकांची नको असलेली गोळी बंद झालेली होती, दुसऱ्या गटात १२ टक्क्यांची. अंगदुखीच्या गोळ्यांत तर फरक आणखी मोठा, सुमारे ५८ टक्के आणि २२ टक्के.

याचीही दुसरी बाजू सांगायला हवी. झोपेची गोळी कमी करणाऱ्यांपैकी ३८ टक्के लोकांना ती सोडताना त्रास झाला, झोप उडाली, बेचैनी आली. दवाखान्यात ठेवावं लागेल असा त्रास मात्र कुणाला झाला नाही. आणखी एक. फार्मासिस्टच्या तपासणीने नको असलेल्या गोळ्या कमी होतात हे दिसलंय, पण त्यामुळे हॉस्पिटलच्या वाऱ्या किती कमी होतात, आयुष्य किती वाढतं, याचा पुरावा अजून तितका पक्का नाही. तेव्हा यात जादू शोधू नये. पण म्हातारं माणूस शुद्धीवर, आपल्या पायांवर, घरात वावरतंय, एवढंसुद्धा कमी नाही.

मला या अभ्यासातून दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. एक, पेशंटला नुसतं "बंद करा" म्हटलं नाही, कारण समजावून दिलं. आणि दोन, फार्मासिस्टने डॉक्टरांना वगळलं नाही, त्यांना लिहिलं. त्या प्रांतात फार्मासिस्टने डॉक्टरांना लेखी मत दिलं तर त्या कामाचे त्याला वेगळे पैसेही मिळतात. ऑस्ट्रेलियात २००१ पासून याच्याही पुढची सोय आहे. डॉक्टरांनी सांगितलं की फार्मासिस्ट पेशंटच्या घरी येऊन कपाटातली सगळी औषधं बघतो आणि अहवाल डॉक्टरांकडे पाठवतो. खर्च सरकारचा.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

तुम्ही म्हणाल, ते परदेशात. खरं सांगते, कागदावर आपल्याकडेही बरंच काही आहे.

१९४५ च्या औषध नियमांप्रमाणे चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिलं पाहिजे. चिठ्ठीवर डॉक्टरांनी तसं लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर पुन्हा औषध देता येत नाही. औषध दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचं नाव आणि तारीख घालायला हवी. हा एक नियम जरी नीट पाळला गेला असता, तरी आमची पंधरा दिवसांची चिठ्ठी सहा वर्षं चालली नसती. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या तर मार्च २०१४ पासून 'एच-वन' या कडक यादीत आहेत. पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. ती विकताना डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं, असा नियम आहे. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी तर पेशंटशी किंवा त्याची काळजी घेणाऱ्याशी स्वतःहून औषधाबद्दल बोलणं हे फार्मासिस्टचं कामच ठरवलंय. काळजी घेणारी म्हणजे तुम्ही आणि मी.

मग अडतं कुठे? काही दुकानांत फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर असतं आणि काउंटरवर असतो दहावी-बारावी झालेला पोरगा. २०१२-१३ च्या सुमाराला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने 'दुकानात फार्मासिस्ट हजर पाहिजेच' असा आग्रह धरला, तेव्हा केमिस्टांच्या संघटनांनी बंद पुकारले होते. त्यांचंही काही म्हणणं होतं. पण आजही दुकानात शिरल्यावर फार्मासिस्ट कोण, हे आपल्याला विचारून घ्यावं लागतं.

दुसरी अडचण पैशांची. सरकारी किंमत-नियंत्रणात असलेल्या औषधांवर दुकानदाराला १६ टक्के मार्जिन धरलेलं असतं, आणि मार्जिन मिळतं ते विकलेल्या गोळीवर. न विकलेल्या गोळीवर काय मिळणार? आमच्या मेडिकलवालीने दुपारचा पाऊण तास खर्च केला आणि महिन्याच्या पाच गोळ्यांचं गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने घालवलं. तिच्या सासऱ्यांनी त्यावर कपाळाला आठी घातली असेल तर मी त्यांना दोष देणार नाही. चांगुलपणावर एखादं दुकान चालेल, सगळ्या राज्याची व्यवस्था चालणार नाही.

तिसरी अडचण मानाची. फार्मासिस्टने विचारलेला प्रश्न काही डॉक्टरांना आगाऊपणा वाटतो. म्हणून तो विचारतच नाही.

सरकारने वृद्धांसाठी काहीच केलं नाही असं नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार खुले झाले. पण ही योजना मुख्यतः ॲडमिट झाल्यावरची. खुबा मोडला की शस्त्रक्रियेचा खर्च निघेल, पण ज्या गोळीने खुबा मोडला ती कुणी तपासायची, याची त्यात सोय नाही. जनऔषधी केंद्रं २०२५ पर्यंत देशभरात पंधरा हजारांवर गेली. गोळ्या स्वस्त झाल्या, ही मोठीच गोष्ट. पण नको असलेली गोळी स्वस्तात मिळाली म्हणून ती हवीशी होत नाही. याच केंद्रांमधल्या फार्मासिस्टना वर्षातून एकदा सत्तरीच्या पुढच्या माणसाचा डबा तपासायचं काम दिलं आणि त्याचे थोडे पैसे दिले, तर? खर्च खुब्याच्या एका ऑपरेशनपुढे किरकोळ असेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारं टाळता येण्याजोगं नुकसान निम्म्यावर आणायचं ठरवलं होतं. ते काम जिनेव्हात होणार नाही, चौकातल्या काउंटरवरच होणार आहे.

आणि आता तर मोबाइलवर बोट ठेवलं की गोळ्या दारात येतात. सोय आहे, नाही कोण म्हणतं? पण दारात पिशवी देणारा मुलगा "आजी इतक्यात पडल्या का?" असं विचारणार नाही.

आपल्या हातात काय आहे?

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर घरच्या बाईने करण्यासारखं पुष्कळ आहे.

सगळ्यात आधी, कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. हे मी दोनदा सांगते, कारण हा लेख वाचून कुणी आजच डबा रिकामा करायची. झोपेची गोळी, काही हार्टच्या आणि बीपीच्या गोळ्या, फिटच्या गोळ्या, स्टेरॉइड या एकदम तोडल्या तर जिवावर बेतू शकतं. हार्टमध्ये स्टेंट असलेल्यांनी रक्त पातळ करायच्या गोळीला डॉक्टरांशिवाय हातही लावू नये. आमच्या घरी जी बंद झाली ती तुमच्या घरी अत्यावश्यक असू शकते.

मग काय करायचं? एका वहीत यादी करा. रंग नको, पाकिटावरचं बारीक अक्षरातलं नाव लिहा. नाव वाचता येत नसेल तर मुलांना सांगा. कधी सुरू झाली, कुणी दिली, किती दिवसांसाठी दिली, हेही लिहा. आयुर्वेदिक काढे, चूर्णं, कुणीतरी आणून दिलेली गुडघ्याची पुडी, हेसुद्धा. पुडीत काय असतं ते पुष्कळदा देणाऱ्यालाही माहीत नसतं. ही वही प्रत्येक डॉक्टरांपुढे आधी ठेवायची, मग आजार सांगायचा.

होता होईल तो एकाच मेडिकलमधून औषधं घ्या. दहा टक्के सवलतीसाठी तीन दुकानं फिरलं की तिघांनाही अर्धीच गोष्ट कळते. दुकानात फार्मासिस्ट कोण ते विचारा, त्यात काही वावगं नाही. वर्षातून एकदा, आणि हॉस्पिटलमधून घरी सोडल्यावर लगेच, गर्दी नसलेल्या वेळी डबा घेऊन जा आणि एवढं विचारा: ही गोळी कशासाठी? अजून लागते का? एकाच औषधाच्या दोन गोळ्या तर नाहीत ना? या वयात हिने चक्कर, गुंगी, पडणं, विसरणं होतं का? डॉक्टरांना काय विचारू? उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा. "त्यांनी सांगितलं" म्हणून भांडायला नाही, "हे एकदा बघता का?" म्हणून.

म्हातारं माणूस अचानक बरळायला लागलं, पडायला लागलं, झोपून राहायला लागलं, तर "वय झालं" म्हणायच्या आधी एवढंच आठवा, की गेल्या महिन्यात नवी गोळी कुठली सुरू झाली?

आणि ज्या माणसाच्या गोळ्या आहेत, त्याला विचारायला विसरू नका. आम्ही विसरलो होतो. झोपेची गोळी कमी होत होती त्या दिवसांत मी रात्री थोडा वेळ सासूबाईंच्या खोलीत बसायला लागले. दुपारची झोप आणि संध्याकाळचा चहा कमी झाला. त्या जुन्या गोष्टी सांगायच्या, मी ऐकायचे, कधी पेंगायचे. अजूनही त्यांना सलग झोप लागत नाही. चार-साडेचारलाच जाग येते. पण त्या उठतात, स्वतः बाथरूमला जातात, दिवा लावतात आणि देवाची फुलं निवडत बसतात.

श्रीखंडाचा डबा मोठा व्हायला लागला म्हणून गोळ्या आता स्टीलच्या छोट्या डबीत आल्यात. गेल्या महिन्यात पायाला मुंग्या येतात म्हणून डॉक्टरांनी एक नवी गोळी दिली. सासूबाईंनी ती हातात घेतली, चष्मा वर केला आणि मला विचारलं, "ही कशाची गं? आणि किती दिवस घ्यायची?"

मी म्हटलं, "आई, चला, मेडिकलमध्ये जाऊन विचारू या."